डबल स्टँड

दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळी सव्वासहाला आम्ही दोघं घरातून निघतो. हिचं डायलिसिस सातला सुरू होतं. इस्पितळ सतरा किलोमीटरवर आहे, आणि तिथे सात म्हणजे सात. उशीर झाला की यंत्र दुसऱ्याला देऊन टाकतात. बंद गाडीत हिला मळमळतं. म्हणून वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी स्कूटर घेतली. तीही साधीसुधी नाही, तीनशे सीसीची, रुंद सीटची, मागे बसणाऱ्याच्या पाठीला टेकू असलेली. परदेशातून लेक म्हणाली, "बाबा, या वयात लोक काठी घेतात." मी म्हटलं, काठीवर तुझी आई बसत नाही.

गाडी एका निवृत्त फोरमनची होती. पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले, वाचा गेली, तेव्हा त्यांच्या सुनेने ती विकायला काढली. मी गाडी बघायला गेलो तेव्हा साहेब आतल्या खोलीत होते, त्यांना मी पाहिलंसुद्धा नाही. नऊ वर्षांची गाडी, पण आयुष्यभर चष्म्याच्या काचा घासलेल्या माझ्यासारख्या किरकिऱ्या माणसालाही तिच्यात खोट काढता येईना. प्रत्येक स्क्रू जागच्या जागी होता आणि सीटखाली एक घडी घातलेलं स्वच्छ फडकं होतं.

अडचण एकच होती. गाडीचं वजन एकशे ऐंशी किलो. साइड स्टँडवर ती आपली आपण कलते, त्याला ताकद लागत नाही. डबल स्टँडवर घ्यायची तर पायाने स्टँड दाबून, मागची कडी धरून सगळा भार वर ओढावा लागतो. मग मागचं चाक जमिनीपासून चार बोटं अधांतरी राहतं. ऑइल बघायचं, चाक हाताने फिरवून टायर तपासायचा, तर गाडी अशीच उभी हवी. पण तिथे माझ्या गुडघ्यांनीच हात टेकले. मेकॅनिक म्हणाला, "काका, तुम्ही आपली साइड स्टँडवरच लावत जा. बाकीचं मी बघतो."

दोन महिने मोठ्या सुखाचे गेले. परतताना ही अगदी गळून गेलेली असते. पण गाडी हलली की तिचा हात माझ्या खांद्यावर येतो, आणि नदीवरचा पूल लागला की ती मागून म्हणते, "जरा हळू चालवा, वारा लागतोय." चाळीस वर्षांच्या संसारात मी हळू चालतो म्हणून बोलणी खाल्ली होती. आता हळू चालायला सांगितलं जात होतं.

मग एका गुरुवारी, नेहमीप्रमाणे हिला वर बूट घालत ठेवून मी खाली पार्किंगमध्ये आलो. तिथे एकच ट्यूब आहे, तीही मनात येईल तेव्हा लागते. ओल्या सिमेंटचा आणि जुन्या ऑइलचा वास नेहमीचाच. पण त्या दिवशी एक आवाज होता. टक्... टक्... टक्... अगदी संथ. मी उभा राहिलो. आवाज माझ्याच गाडीतून येत होता.

गाडी डबल स्टँडवर उभी होती आणि मागचं चाक हळूहळू फिरत होतं.

आसपास कोणी नव्हतं. चाक थांबेपर्यंत मी बघत राहिलो. तो टक् कशाचा, म्हणून वाकून पाहिलं, तर टायरमध्ये बोटभर लांब खिळा घुसलेला. चाक फिरलं की दर वेळी तो मडगार्डला लागत होता. तसेच निघालो असतो तर पुलाच्या उतारावर टायर बसला असता, आणि मागे ही होती. त्या दिवशी टॅक्सीने गेलो, हिने तोंडावर रुमाल धरून प्रवास काढला. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या व्यायामवेड्या शेजाऱ्याचे आभार मानायला गेलो, कारण एवढं ओझं उचलणारा दुसरा कोण असणार? तो कळवळून म्हणाला, "मी नाही हो. माझी तर कंबर धरलीये आठवड्यापासून."

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. गाडी डबल स्टँडवर, चाक फिरतंय. या वेळी टक् नव्हता, नुसती सरसर. मी मागच्या कडीला हात लावला आणि झटकन काढून घेतला. पहाटेच्या गारठ्यात सगळी गाडी थंडगार होती, आणि कडी मात्र कोमट. कुणाच्या तरी मुठीतून नुकतीच सुटलेली. चाकाखाली फरशीवर ब्रेक ऑइलचा ओघळ होता. मेकॅनिकने ब्रेकची नळी काढून माझ्या हातात ठेवली. "काका, उतारावर दाबला असता ना, तर... जाऊ दे. सकाळी सकाळी कशाला."

मी खरंच घाबरलो. भीती गाडीची नव्हती. माझ्या पायाखालच्या अंधारात कोणीतरी रोज येऊन आमची गाडी तपासतंय, आणि मी त्याला ओळखत नाही, याची होती. त्याच दुपारी मी फोरमनसाहेबांच्या घरी गेलो. स्टँडची स्प्रिंग कधी आपोआप उडायची का, असं काहीतरी विचारायचं ठरवलं होतं.

सुनेने दार उघडलं. प्रश्न ऐकून तिने उलट मलाच विचारलं,

"काका, हे कोणत्या दिवशी झालं?"

मी दोन्ही तारखा सांगितल्या. तिने मला आतल्या खोलीत नेलं. खिडकीशी पलंग, पलंगावर लांब हाडापेराचा एक म्हातारा माणूस, आणि चादरीवर दोन निर्जीव हात. डोळे तेवढे जिवंत. ते माझ्या चेहऱ्यावर आले आणि तिथेच राहिले.

"बाबांना चौदा महिन्यांत बोटसुद्धा हलवता आलेलं नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "पण त्या दोन्ही सकाळी... त्यांचे तळहात काळे होते. गाडीचं ग्रीस असतं ना, तसं. मी साबणाने धुतले. कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय?"

"साहेब गाडी रोज तपासायचे का?"

"रोज. डबल स्टँडवर घ्यायचे, चाक फिरवायचे, मगच आम्हाला बसू द्यायचे. आम्ही हसायचो त्यांना."

मी पलंगाजवळ बसलो. जे मनात होतं तेच बोललो. "साहेब, माझ्या मागे माझी बायको बसते. तुमचे उपकार आहेत." त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. किंवा मला तसं वाटलं. निघताना सून म्हणाली, पुन्हा हात काळे दिसले तर मी लगेच फोन करीन.

फोन आला तो शनिवारी, पहाटे साडेपाचला. मी खाली गेलो, गाडी डबल स्टँडवरच होती. मेकॅनिकला झोपेतून उठवून आणलं. त्याने टायर, ब्रेक, बेल्ट, वायरी सगळं उघडून पाहिलं आणि जांभई देत म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे. तुम्हीच नीट झोपत जा."

ही बूट घालून जिन्यात उभी होती. सगळा प्रकार मी तिला सांगितला होता, आणि माझ्यापेक्षा तिचा त्याच्यावर जास्त विश्वास बसला होता. ती शांतपणे म्हणाली, "गाडीत काही नाही ना? मग गाडी चालवणाऱ्यात बघा."

आम्ही टॅक्सीने गेलो. ही यंत्रावर आडवी झाली आणि तिथूनच तिने नर्सला सांगून मला खालच्या मजल्यावर हृदयाच्या तपासणीला पाठवलं. दोन तासांत मी स्वतःच एका पलंगावर होतो. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद. डॉक्टर म्हणाले, दुखलं कसं नाही तुम्हाला? मी म्हटलं, दुखायच्या आधीच निरोप आला. त्यांना ते विनोदी वाटलं.

महिन्याभराने मी पुन्हा गाडीवर बसलो. कुठेही वजन उचलायचं नाही या अटीवर. त्या दिवसापासून फोरमनसाहेबांकडे आठवड्यातून एकदा जाऊन बसायचा माझा नेम झाला. गाडीचा आवाज कसा आहे, ऑइल कधी बदललं, सगळं त्यांना सांगायचो. ते ऐकायचे. भीती पार निघून गेली होती, असं मी स्वतःला सांगत असे.

आणि मग गेल्या सोमवारची सकाळ. सव्वापाचला फोन वाजला.

"काका," सुनेचा आवाज अगदी खाली गेला होता, "हात काळे नाहीयेत. पण... वर उचललेत त्यांनी. दोन्ही. हवेत. आणि थरथरतायत."

मी मोबाइल तसाच कानाला लावून खाली धावलो. गाडी साइड स्टँडवर, रात्री लावली तशीच. चाक जमिनीला टेकलेलं. कडी गार. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच सीटवर हात टेकून उभा राहिलो. मग जिना चढून घरात आलो आणि आमच्या खोलीचा दिवा लावला.

ही झोपली होती. तिच्या कॉटचे पायथ्याकडचे दोन्ही पाय जमिनीपासून चार बोटं वर होते. खाली काहीही नव्हतं.

मी हाक मारली. तिने डोळे उघडले नाहीत. पुन्हा हाक मारली, गालावर थापट्या मारल्या. श्वास होता, पण एक आला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. घरच्या फोनवरून मी इस्पितळाला कळवलं, ते म्हणाले गाडी निघतेय, वीस मिनिटं लागतील. मी कॉटची कडा धरली. ती बारीकशी थरथरत होती. ताकदीबाहेरचं ओझं धरलेल्या हातांची थरथर मी ओळखतो.

मोबाइलमध्ये सून रडवेली झाली होती. "काका, त्यांना दरदरून घाम फुटलाय. मी हात खाली करू का?"

"नको," मी म्हणालो. "नको ग बाई... त्यांना सांग, इस्पितळाची गाडी निघालीये. थोडाच वेळ. तेवढं धरा म्हणावं."

ती त्यांच्या कानाशी तेच बोलताना मला ऐकू आलं. ती वीस मिनिटं मी हिचा हात हातात घेऊन कॉटच्या त्या दोन पायांकडे बघत होतो. एकदा ते बोटभर खाली आले, तेव्हा हिचा श्वास अडकला. मग ते पुन्हा वर गेले. माणसं आली, त्यांनी हिला स्ट्रेचरवर घेतलं, आणि तिची पाठ कॉटवरून सुटताक्षणी पायथा अलगद खाली टेकला. आवाजसुद्धा झाला नाही. स्ट्रेचर उचलणाऱ्यांपैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही.

रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबायच्या बेताला आलं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. काल ही घरी आली. चहा गोड झाला म्हणून माझ्यावर कुरकुरली, आणि ती कुरकुर ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. एवढं मोठं देणं आयुष्यात मला दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

आज दुपारी शेजारणीला हिच्याजवळ बसवून मी साहेबांकडे गेलो. पायांवर डोकं ठेवायचं एवढंच मनात होतं. सून दारातच म्हणाली, "हात अजून खाली आलेले नाहीत."

सोमवारपासून ते तसेच होते. छातीच्या वर वीतभर, तळवे छताकडे, बोटं किंचित वळलेली. डोळे तारवटलेले. डॉक्टर येऊन गेले, स्नायू आखडलेत म्हणाले. सुनेने दाबून पाहिले होते, ते हलत नव्हते.

मी पलंगाच्या कडेला बसलो. "साहेब, ही घरी आली. बरी आहे. आता सोडा." त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. चार दिवस झोप नसलेल्या त्या डोळ्यांकडे मला बघवेना. वजन उचलायचं नाही हे डॉक्टरांचं सांगणं डोक्यात होतं. तरी मी माझे दोन्ही हात त्यांच्या हातांशेजारी तसेच धरले आणि म्हणालो, "बरं, थोडा वेळ मी धरतो. तुम्ही झोपा."

साहेबांनी डोळे मिटले. त्यांचे हात हळूहळू छातीवर उतरले, आणि ते घोरायला लागले.

माझ्या तळहातांवर वजन आलं. चांगलंच, खांद्यापर्यंत ओढ बसेल असं.

मी आवाज न चढवता सुनेला म्हटलं, "आमच्या घरी फोन लाव. तिला उठून खुर्चीत बसायला सांग." तिने फोन लावून माझ्या कानाशी धरला. पलीकडून ही म्हणाली, "अहो, मी केव्हाची खिडकीत खुर्चीवर बसलेय, शेजारीण माझे केस विंचरतेय. काय झालं? तुम्ही असे का श्वास घेताय?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्याच वेळी माझ्या हातांवरचं ते जे कोण होतं, त्याने झोपेत सावकाश कूस बदलली.