पाइपातला बोळा

यात माझ्या मनाचं एक अक्षर नाही. ज्यांच्यावर हे गुदरलं ते चुडामण मिस्तरी माझ्या वडिलांचे जिवलग. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. थापा मारायला नानांना कधी सवडच नव्हती.

साल १९८८. धुळ्यात पारोळा रोडला नानांचं गॅरेज. आखाजी, म्हणजे गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरायची अक्षय तृतीया, होऊन चार दिवस झालेले. वेळ भर दुपारची.

हो, दुपारचीच! भुतं रात्रीची वाट बघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी धुळ्याचं वैशाखातलं ऊन पाहिलेलं नाही. रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

समोर एक जुना ट्रक उभा होता. आठ महिन्यांपूर्वी लळिंगच्या घाटात, चढावर, याच ट्रकचं इंजिन बंद पडलं. ट्रक मागे घरंगळला. चालवणारा वना, नानांचा धाकटा भाऊ, जागीच गेला.

मालकाने ट्रक पुन्हा उभा केला. चेपलेला एअर क्लीनर, म्हणजे हवा गाळणारा डबा, आणि इंजिनावरचं झाकण, टॅपेट कव्हर, तेवढं बदलायचं राहिलं होतं.

नानांनी काम नाकारायला हवं होतं. पण त्यांना एक गोष्ट पाहायची होती.

अपघाताच्या आदल्या दिवशी त्यांनीच तो एअर क्लीनर धुतला होता. तो काढला की इंजिनकडे जाणाऱ्या पाइपाचं तोंड उघडं पडतं. धूळ जाऊ नये म्हणून नाना त्यात फडक्याचा बोळा कोंबायचे. काम झालं की काढायचे.

त्या दिवशी काढला होता का?

आठ महिने ते आठवत होते. आठवत नव्हतं. बोळा आत राहिला तर इंजिनाचा श्वास कोंडतो, आणि चढावर घात होतो.

हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. वनाच्या बायकोला, पुष्पाबाईला, तर नाहीच.

नानांनी जुना एअर क्लीनर उतरवला. पाइपात बोटं घातली...

रिकामा. पाइपच नवा होता. जुना कुठे गेला, देव जाणे.

त्यांनी नवा एअर क्लीनर बसवला. टॅपेट कव्हरखाली नवं पॅकिंग लावलं, बोल्ट आवळले. इंजिन चालू करून खाली उतरले. कडेने तेल झिरपतंय का बघायला वाकले आणि वीस वर्षांच्या सवयीने ओरडले,

"दे!"

मिस्तरी ओरडतो, ड्रायव्हर कॅबिनमध्ये पेडल दाबून रेस देतो. रोजचीच रीत.

...आणि रेस मिळाली.

दोन आखूड. एक लांब.

नाना तसेच वाकलेले राहिले. अशी रेस फक्त वना द्यायचा.

त्यांनी मान वर केली. कॅबिनमध्ये कोणी नव्हतं.

"दे..." त्यांनी पुन्हा म्हटलं.

दोन आखूड. एक लांब.

मग इंजिन आपोआप बंद पडलं. घाटात पडलं होतं तसंच.

नाना पळाले नाहीत. बंपरला डोकं टेकून लहान पोरासारखे रडले. भीती नव्हतीच म्हणे. भावाला इतक्या जवळून भेटून आठ महिने झाले होते.

थोड्या वेळाने पुष्पाबाई डबा घेऊन आली. तिला पाहून नानांना राहवलं नाही.

"पुष्पा, माले तुले काही सांगनं शे..."

"सांगू नका, नाना. माले माहीत शे."

"काय माहीत शे?"

ती डबा उघडत राहिली. वर पाहिलं नाही.

"आखाजीले तेस्ना नावनी घागर भरी, तवय तेस्नीच सांगं. पाइपमा बोळा राही गया व्हता. पन नानाले काही बोलू नको, आसं सांगं." मग डोळे पुसून म्हणाली, "जेवी ल्या. भाकर गरम शे."

नाना जेवले. कसे जेवले ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

वनाने माफ केलं म्हणावं, तर तो माणूस त्या दिवसापासून आतून खचतच गेला. आणि मला अजून एकच गोष्ट छळते... वना तर घाटातच गेला होता. बोळ्याचं त्याला कळलं कधी? की पुष्पाबाईलाच कुठून कळलं, आणि तिने वनाचं नाव पुढे केलं?