बारावं झाड

दिवा बारीक करा आणि मध्ये बोलू नका. लिंडसे क्रोझिअर माझा शेजारी. त्याच्याच तोंडून ऐकलंय, म्हणून सांगतो.

गावच्या कौन्सिलात रस्त्यांचं काम त्याच्याकडे. अपघात टळावेत म्हणून कुठलं वळण आधी सुधारायचं, रस्त्याकडेचं कुठलं झाड आधी काढायचं, याची यादी तोच करायचा. नोंदलेले अपघात किती, खर्च किती, जीव किती वाचतील, असा हिशेब ओळीओळीत मांडून क्रम लावायचा. त्या साली पैसे अकरा जागांना पुरले. अल्बी रजच्या शेताजवळची निलगिरी बारावी. आणि एक जूनला अल्बीची टॅम्सिन, एकोणीस वर्षांची पोर, त्याच झाडावर गाडी आदळून गेली.

लिंडसेला अन्न गोड लागेना. अठरा जून, मंगळवार. रात्री अकरा वीसला तो यादी खिशात घालून निघाला. दिव्यांच्या उजेडात झाड किती लांबून दिसतं, ते मोजायचं होतं. गाडीचे दिवे चालू ठेवून तो बुंध्याशी वाकला.

"लिंडसे काका, आमचं झाड कितवं होतं?"

त्यानं वळून पाहिलं. टॅम्सिन. दिव्यांसमोर उभी... सावली नाही.

"बारावं."

"का?"

त्याला खोटं बोलवेना. या झाडापाशी एकही अपघात नोंदलेला नव्हता, म्हणाला.

"बाबांनी तीन गाड्या ओढल्या इथून."

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. गाडी घसरली की पोलिसांना कोण कळवतं? अल्बीला फोन करायचा. बिचारा मध्यरात्रीही ट्रॅक्टर घेऊन यायचा, आणि एका बिअरवर सगळं मिटायचं.

"त्या तीन नोंदल्या असत्या तर?"

"...पहिलं."

वारा नाही. काही नाही...

"बाबांना सांगू नका."

दिवे गेले. परत लागले. कोणी नव्हतं.

सकाळी कौन्सिलच्या पायरीवर अल्बी बसलेला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. म्हणाला, यादी दाखव, माझ्या पोरीचं झाड मागे का राहिलं ते मला बघायचंय. लिंडसेला नाही म्हणवेना. खिशातला कागद दिला आणि त्यानं मान फिरवली.

अल्बीनं घडी उघडली. अकरा ओळी स्वच्छ, कोरड्या. बारावी तेवढी ओली. शाई पार पसरलेली, एक अक्षर लागत नव्हतं. महिनाभर आपल्याकडे पावसाचा थेंब नव्हता.

अल्बीनं त्या ओळीवर अंगठा टेकला.

"लिंडसे," तो म्हणाला, "हे कोमट आहे रे."