तिच्या फोनमधला माझा अंगठा

मॅडम, पंखा जरा कमी करता का? थंडी नाही वाजत, आवाज नको एवढंच. मी हळू बोलणार आहे. आणि मध्ये थांबवू नका, म्हणजे जेवढं राहिलंय तेवढं तरी सांगून होईल.

उद्या अकराला मला पोलीस ठाण्यात जबाब द्यायचाय. परबांच्या अक्षदाच्या फोनमध्ये काय होतं ते सांगितलं तर मी साक्षीदार. नाही सांगितलं तर पुरावा नष्ट केला म्हणून आरोपी. एवढं तुम्हाला फोनवर बोललोच होतो. कसं झालं ते नाही बोललो, ते आता ऐका. कोर्टात यातलं अर्धंही काढू नका, लोक हसतील.

लालबागला मसाला गल्लीच्या तोंडाशी माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची फट. चार बाय सहा. मी स्टुलावर बसलो की पाठ मागच्या फळीला आणि गुडघे काउंटरला. एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे मिरच्यांचे दिवस. कांडपाची मशिनं सुरू झाली की सगळी गल्ली शिंकते. गिऱ्हाईक शिंकतं, मी शिंकतो, नाकाडोळ्यांतून पाणी. पंधरा वर्षं तो ठसका खातोय, सवय झालीय.

पोलिसांशी माझं चांगलं होतं. जप्त केलेला फोन लॅबला पाठवला की महिनोन् महिने तिकडेच पडतो. म्हणून घाग हवालदार आधी माझ्याकडे यायचे. "विकास, जरा बघ रे." पंचनाम्याला बाहेरचे दोन साक्षीदार लागतात ना, त्यावर पण सही माझीच. इतक्या सह्या केल्यात की गल्लीतली पोरं मला सरपंच म्हणायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्या मंगळवारी दुपारी तीनला घाग आले. खाकी पाकिटातून फोन काढून काउंटरवर ठेवला.

"परबांची पोरगी. काल गच्चीवरून पडली ती. पडली, उडी मारली का कोणी ढकललं, साहेबांना आजच पाहिजे. फोन चालू आहे, बंद करू नको. पाचला येतो."

फोन बघितल्याबरोबर मी ओळखला. कारण तो फोन माझ्या हाताखालून गेला होता. फेब्रुवारीत मीच त्याचा डिस्प्ले बदलला होता. अक्षदा म्हणाली होती, "दादा, माझ्यासमोरच करा, मी थांबते." मी म्हटलं, "दोन तास लागतील, ठेवून जा. आणि पॅटर्न सांग, टच चेक करायला लागतो." तिनं तोंड वाकडं केलं, पण सांगितला. सांगणार नाही तर काय करेल? सगळेच सांगतात.

आता आमच्या धंद्यातलं एक सांगतो. डिस्प्ले बदलला की बोटाचा सेन्सर चालतो का ते बघायला आम्ही स्वतःचा अंगठा फोनमध्ये टाकतो. चालला की काढून टाकायचा. त्या दिवशी मी टाकला आणि काढायला विसरलो. आणि का विसरलो तेही सांगतो. मी तिची गॅलरी बघत बसलो होतो. टच चेक करायचा म्हणून सुरू केलं, मग बोट थांबलंच नाही. सगळ्यांच्या बघतो आम्ही. लग्नं, बारशी, गावचे गणपती. कोणाचं काय जातंय, असं वाटायचं मला. मेल्या मनाला तेव्हा लाज नव्हती, आता खूप आहे.

संध्याकाळी तिनं फोन नेला आणि माझ्यासमोरच पॅटर्न बदलला. हुशार पोरगी. अंगठ्यांची यादी मात्र तिनं बघितली नाही. ती कोण बघतं?

तर फोन समोर, आणि मला माहीत, की माझा अंगठा लावला तर उघडेल. पण घागांना सांगू कसं? मेलेल्या पोरीच्या फोनमध्ये तुझा अंगठा काय करतोय रे, हा पहिला प्रश्न. हात दाखवून अवलक्षण. मी ठरवलं, पाचला सांगायचं, नाही उघडत, लॅबला पाठवा.

तेवढ्यात तिची आई आली. मीनाक्षीकाकू. डोक्यावरून पदर, पायात चपला दोन वेगवेगळ्या. काउंटर धरून उभी राहिली.

"विकास, तुझ्याकडे दिलाय ना?"

"हो काकू. पोलिसांचं काम आहे."

"उघडू नको रे बाबा."

"काकू, कोणी ढकललं असेल तर त्यातूनच कळेल."

"कळेल. आणि उद्या सगळ्या चाळीच्या मोबाईलवर फिरेल. ठाण्यातनं बाहेर यायला किती वेळ लागतो, तूच सांग. मला आईला तिनं कधी हात लावू दिला नाही त्याला. उशीखाली घेऊन झोपायची. पोरगी तर गेली... तिचं तेवढं तरी राहू दे तिचं."

"बघतो" म्हटलं. ती गेली. तिचा हात काउंटरवर होता तिथं घामाचा ठसा राहिला, तो मी फडक्यानं पुसला.

आणि पुसता पुसता लक्षात आलं, की मी शिंकत नाहीये. समोर कांडपाचं मशीन धडधडतंय, बायका नाकाला पदर लावून उभ्या आहेत, लाल धूळ उन्हात दिसतेय. आणि माझ्या दुकानात वास नाही. मिरचीचा नाही, सोल्डरिंगचा नाही, माझ्या स्वतःच्या घामाचा नाही. फडकं नाकाला लावलं. काहीच नाही.

काउंटरवरच्या मॅटवर फोन पालथा नव्हता, उताणा होता. स्क्रीन उजळली. वरचं कुलपाचं चिन्ह उघडलं, आणि फोन खुला झाला. मी हात लावला नव्हता.

फेस लॉक. तिनं चेहरापण टाकलेला असणार. कधीकधी दुसऱ्याच्या चेहऱ्यानंही उघडतो फोन, म्हणून मी आधी घाबरलो नाही. मेकॅनिक माणूस मी. बटण दाबून लॉक केला, उचलला, माझ्या तोंडासमोर धरला. नाही उघडला. रस्त्याकडे धरला. नाही. मग तसाच डावीकडे, माझ्या खांद्याच्या मागे फिरवला.

उघडला.

पुन्हा लॉक केला. माझ्याकडे, नाही. रस्त्याकडे, नाही. खांद्यामागे, उघडला. तिसऱ्यांदाही तसंच झालं, तेव्हा फोन खाली ठेवला. मॅडम, माझी पाठ फळीला टेकलेली असते. माझ्या आणि फळीच्या मध्ये वर्तमानपत्र सरकवायलाही जागा नाही. तिथं चेहरा कुठं मावणार? मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. आईशप्पथ सांगतो, नाही झाली.

मग गॅलरी उघडली. आपोआप. एक फोल्डर उघडलं, तेच, जे मी फेब्रुवारीत बघितलं होतं. एकेका फोटोवर बरोबरची खूण पडायला लागली. घाई नाही. मध्ये एखाद्या फोटोवर थांबायचं, मोठा व्हायचा, पुन्हा लहान व्हायचा, मग खूण. मी स्क्रीनवर बोट मारलं, अंगठा मारला, तळहात आपटला. माझा टच त्याला लागतच नव्हता. बटण दाबून धरलं, तरी बंद होईना. डोळ्यांसमोर पुरावा चाललाय आणि मी बघतोय. मी पुटपुटलो, "अक्षदा, नको ना गं... मी अडकेन." पोरीला आयुष्यात पहिल्यांदा नावानं हाक मारली, तीही अशी.

सगळं पुसलं गेलं. कचऱ्याच्या डब्यातलंही गेलं. मग मेसेज. मग नंबर. शेवटी स्क्रीन काळी झाली आणि एकदम ठसका लागला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. वास परत आला होता.

पाचला घाग आले. मी सांगितलं, नाही उघडत. माझा चेहरा बघून त्यांना काही पटलं नाही. "दे इकडे." त्यांच्या हातात देताना माझा अंगठा काचेला लागला आणि फोन उघडला. रिकामा.

पुढचं काय सांगू? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ठाण्यात साहेबांनी पहिला माझाच फोन मागितला. "पिन सांग." मी म्हटलं, माझा कशाला? "लपवायला काय आहे? नसेल तर सांग." सांगितला. टेबलाभोवती पाच माणसं उभी राहिली आणि माझा फोन चाळायला लागली. माझ्या फोनमध्ये काय असायचंय? गावच्या घराचे पत्रे, बापाचे हॉस्पिटलचे कागद, मीच गायलेली दोन भजनं. एकानं ते भजन मोठ्यानं लावलं आणि बाकीचे हसले. मी खाली बघत उभा राहिलो. इतकी लाज मला शाळेत छड्या खातानाही वाटली नव्हती.

मग साहेब म्हणाले, "तुझा अंगठा होता, म्हणजे तू बघितलंयस. काय होतं ते बोल, सोडतो तुला." मी कबूल झालो. मनात म्हटलं, झालं ते झालं, पोरीला न्याय तरी मिळेल. कारण मी बघितलं होतं मॅडम. त्या फोल्डरमध्ये तिचे स्वतःचे फोटो होते, कोणी बघू नयेत असे. धमकीचे मेसेज होते, त्यांचे फोटो काढून ठेवलेले. आणि ते पाठवणारा माणूस होता. मी त्याला ओळखत होतो. गल्लीतलाच. मी त्याला रोज नमस्कार करायचो.

मी तोंड उघडलं. ठाण्यात शेजारच्या टेबलावर कोणीतरी वडापाव सोडला होता. त्याचा वास गेला. आणि त्या माणसाचा चेहरा गेला. विसरलो असं नाही हो. विसरलेलं माणूस आठवायला बघतो, जिभेवर येतं. हे तसं नाही. तिथं जागाच राहिली नाही. साहेबांना वाटलं मी फिरलो. त्यांनी आठ दिवस दिले.

लिहून ठेवायचं ना, असं म्हणाल. बसलो होतो. पेन टेकलं की वास जातो, आणि एक गोष्ट जाते. आधी माणसाचं नाव गेलं. मग मेसेजमध्ये काय लिहिलं होतं ते. फोन तिनं साफ केलाय. आता त्या फोटोंची एकच कॉपी उरलीय, ती माझ्या डोक्यात. मीच ठेवली, न विचारता.

आणि तिला ती सापडत नाहीये, मॅडम. नाही तर एव्हाना संपलं असतं. कुठलं तिचं आणि कुठलं माझं हे तिला कसं कळणार? म्हणून ती सगळंच उघडून बघते. एकेक. थांबते, बघते, टाकून देते. परवा चिंचपोकळीच्या पुलावर उभा राहिलो आणि घर कुठल्या अंगाला ते कळेना. काल ठाण्याच्या कागदावर बापाचं नाव लिहायचं होतं, तर हवालदारांनी माझ्या आधार कार्डावर बघून लिहिलं. मी हात जोडतो, रोज सांगतो, अक्षदा, तुझं तेवढं घे आणि जा गं बाई. ती ऐकत नाही. मी तरी कुठं ऐकलं होतं तिचं?

पोलिसांना मी निदान नाही म्हणू शकत होतो, हिला कसं म्हणू? हिला पिन सांगावा लागत नाही.

तर उद्या मी काय बोलू, ते तुम्ही सांगा. खरं बोललो तर वेडा, गप्प बसलो तर गुन्हेगार. आणि ज्यानं केलं तो तिकडे मोकळा फिरतोय. कदाचित उद्या मला जामीन द्यायला तोच येईल आणि मी त्याला नमस्कार करीन.

थांबा... खाली कॉफी दळतायत ना? मशीन ऐकू येतंय. जिना चढताना केवढा वास होता. तुम्हाला येतोय? अजून येतोय?

नाही, पाणी नको. एकच विचारतो आणि उठतो. तुमच्या दाराबाहेर बाकावर एक बाई बसलीय. हिरव्या साडीतली. तिनंच मला हाताला धरून वर आणलं. मला विकास म्हणत नाही, अहो म्हणते. जिन्यात रडत होती. म्हणाली, मी दीपिका, तुमची बायको, असं काय बघताय? चांगली वाटते हो बाई, डबापण आणलाय तिनं.

घरी चला म्हणते. जाऊ का मी तिच्याबरोबर?