उजवे फूल

कोरजाईगडावर उजाडत होते. तटाखाली गनिमाच्या छावणीतल्या चुलींचा धूर धुक्यात मिसळत होता, आणि वर, सदरेमागच्या सोप्यात, किल्लेदार सटवोजी इंगवल्यांच्या पायाला सुटलेली दुर्गंधी धुपालाही दबत नव्हती. गोळीने फुटलेल्या पोटरीचा काळेपणा गुडघ्याकडे चढला होता.

"आज पाय कापला तर माणूस राहील, सरकार," दाऊद जर्राह म्हणाला. जखमा चिरण्या-शिवण्यात हयात गेलेला हा म्हातारा जखमीच्या होकाराशिवाय सुरीला हात लावत नसे. "हुकूम आपला."

"हुकूम आईचा," किल्लेदार ग्लानीतून म्हणाले. "कौल लावा. उजवे फूल पडले तर कापा. डावे पडले तर दोन्ही पायांनी जाईन."

गडदेवी कोरजाईच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुले चिकटवायची. आधी पडेल ते आईचे उत्तर. हे काम खेमा गुरवाचे. बापाने त्याला एकच ताकीद दिली होती: दोन्ही फुलांना पाणी सारखे.

तो गाभाऱ्यात शिरतो न शिरतो तोच किल्लेदारांच्या पत्नी दर्याबाई उंबऱ्याशी आल्या.

"खेमाबा, उजवेच पडले पाहिजे."

"ते का माझ्या हातात आहे, बाईसाहेब?"

"मग फुले कुणाच्या हातात आहेत?"

खेमाने आईकडे पाहिले. आई नेहमीसारखीच पाहत होती, म्हणजे काहीच बोलत नव्हती. त्याने डाव्या फुलाखाली चंदनाचे घट्ट गंध लावले, आणि उजवे नुसते टेकवले.

उजवे पडले. चामड्याचा पट्टा दातांत धरून किल्लेदारांनी पाय दिला. पुढे पालखीतून ते तटावर दिसले तेव्हा शिबंदीने असा काही गजर केला, की गड पडण्याची वाट पाहणाऱ्या गनिमाचा धीर सुटला आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्याने वेढा उठवला.

गड राहिला, धनी राहिला. पण पूर्वी देवीला हात जोडून आपल्या मनाने चालणारा हा माणूस आता पहारे बदलायलाही कौल लावू लागला.

"खेमाबा, हल्ली तूच किल्लेदार म्हणे!" दाऊद चिडवी. खेमाला हसू येत नसे. त्या दिवसापासून त्याने पाणी सारखेच लावले होते.

दसरा झाला आणि दर्याबाईंच्या छातीत गळू धरले. तापाने त्या भाजून निघाल्या.

"पडद्याआडून सांगतो, सुईण चिरेल," दाऊदने अर्ज केला. "बाईसाहेब तयार आहेत."

"त्यांच्या तयारीने काय होते? तयार तर मीही नव्हतो," किल्लेदार म्हणाले. "कौल."

खेमा बोटावर गंध घेऊन उभा होता. एवढ्यात कुबडी टेकत, ओलेत्याने, किल्लेदार गाभाऱ्यात आले. "आज फुले मी लावणार, खेमाबा. आईचे ऋण माझ्यावर फार आहे." त्यांनी दोन्ही फुले पाण्यात बुडवली आणि इमानाने, सारखी, लावली.

डावे पडले.

खेमा धावत देवळाबाहेर, दर्याबाईंना आणलेल्या पालखीशी गेला. "बाईसाहेब, मी सगळे सांगून टाकतो. मग काय व्हायचे ते होवो."

"काय सांगाल? त्यांचा पाय आईने नाही, आपण दोघांनी घेतला? त्या फुलावर जगताहेत ते."

"मग दाऊदला गुपचूप..."

"आणि मी वाचले तर? आई खोटी ठरेल ना." त्यांनी पडदा मुठीत धरला. "एकदा त्यांना न विचारता त्यांचे ठरवले, खेमाबा. आता माझे तरी मला ठरवू द्या."

खेमाने तोंड मिटले. जिवंत असेतो या बाबतीत ते त्याने उघडले नाही.

बाईसाहेबांचे दिवस उरकल्यावर किल्लेदारांनी आईच्या उजव्या खांद्यासाठी सोन्याचे फूल घडवले. "मला ठेवले, त्यांना नेले. आईची मर्जी," ते ज्याला त्याला सांगत, आणि सांगताना त्यांचा चेहरा शांत असे.

रोज सकाळी ते फूल खेमा चढवी. सोने जड; नुसत्या पाण्यावर ते राहत नसे. गंध लावूनच बसवावे लागे.