आईच्या आवाजाची फाईल

"बाळ फारच शांत आहे जी तुमचं."

समोरच्या बाकावरचा माणूस माझ्या मांडीकडे बघत होता. अर्जुनी मोरगावहून गोंदियाला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये मी आईच्या लुगड्यात गुंडाळलेला संगणकाचा डबा पोटाशी धरून बसले होते. २००३ सालचा आश्विन. बाहेर धान लोंबीवर आलेलं, आणि मी चाळिशीला टेकलेली, बिनलग्नाची, राइस मिलच्या कचेरीत टायपिंग करणारी बाई... कुणी असं छेडावं याची सवय कधीच मोडली होती.

"संगणक आहे," मी म्हटलं.

"तेच म्हणतो. बिमार आहे का?"

हसू आलं, आणि त्यामागोमाग रडूही. आई आषाढात गेली होती. तिच्या आजारपणात उशाशी माईक ठेवून मी तिचं धानाच्या रोवणीचं एक गाणं संगणकात घेतलं होतं. तेवढाच तिचा आवाज उरला होता. जागा पुरेना म्हणून माझ्या धाकट्या भावानं, उदारामनं, तो पुसून टाकला.

त्या माणसाचं नाव धनेंद्र. गोंदियात त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं.

"पुसलेलं लगेच जात नाही," तो म्हणाला. "त्या जागेवर दुसरं काही येऊन बसलं, की मग गेलं. तोवर याले चालू करू नोका. गाडीत धक्केही लागतात. मी दर शुक्रवारी तुमच्या गावावरूनच वडसाले जातो, घरीच येऊन पाहतो."

वाटेतल्या सौंदडला त्यानंच डबा खाली उतरवून दिला आणि मी परत फिरले.

मग शुक्रवार सुरू झाले. तो आपली डिस्क जोडून बसायचा, मी लाखोळीचे वडे तळायचे.

"मिळालं का जी?"

"तुकडे दिसून राहिले. वेळ लागते."

"शोधायला की वडे खायला?"

"दोन्हीले. घाई केली की तोंड पोळते."

पडदा काळा झाला की त्यात माझा चेहरा दिसे, आणि मागे नजर चोरणारा त्याचा... शुक्रवारचं पातळ मी गुरुवारीच इस्त्री करू लागले.

"बाई, हा गाणं शोधून राहिला का नवरी?" उदाराम विचारायचा. मी त्याला दटावायची, पण हळूच.

दिवाळी झाली. गावात मंडईची जत्रा भरली, रात्रभर दंडारीचं नाटक झालं, पाहुण्यांनी घर भरलं. कुणीतरी दंडारीच्या शूटिंगच्या सीड्या आणल्या. मी चुलीपाशी होते. "किती दिवस नुसता झाकून ठेवायचा," म्हणत उदारामनं संगणक लावला आणि अख्खी दंडार त्यात भरली.

पुढच्या शुक्रवारी धनेंद्रनं बराच वेळ शोधलं. मग माऊसवरचा हात काढून घेतला.

"गेलं."

त्याचा चेहरा बघून मीच त्याची समजूत घालू लागले. "तुम्ही तरी काय करणार? सापडलंच नव्हतं ना..."

"सापडलं होतं." तो खाली बघत होता. "पहिल्याच शुक्रवारी. हेडफोन लावून पूर्ण ऐकलं मी, पण माझ्या डिस्कवर उतरवून घेतलं नाही. तेव्हाच काढून दिलं असतं, तर काम संपलं असतं. मग पुढच्या शुक्रवारी कोणत्या तोंडानं आलो असतो? ...मले तुमच्याशी लग्न करायचं आहे, अंजूजी."

हे ऐकायला मी किती शुक्रवार कान लावून बसले होते. आता ऐकलं, आणि मी वड्यांची बशी त्याच्यापुढून उचलली.

"म्हणून दाखवा," मी म्हटलं.

"काय?"

"आईचं गाणं. शेवटचं तुम्हीच ऐकलंय."

त्यानं म्हटलं. हळू, जपून. शब्द बरोबर, चालही बरोबर. मध्येच थांबला. "इथं त्या खोकलतात. मग हसतात... म्हणतात, 'अंजू, बंद कर ना वो, पुरे झालं.'"

हे मी विसरून गेले होते.

"उठा," मी म्हटलं. "तुमची गाडी येईल."

"काहीतरी बोला जी..."

मी दार उघडून धरलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी अंगणात चपला वाजल्या, दाराशी थांबल्या, बराच वेळ थांबल्या. मी आत कडीवर हात ठेवून उभी होते. ती काढली नाही. नंतर तो कधी आला नाही.

आता साठी उलटली. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांध्यांतून बायकांची गाणी ऐकू येतात, तेव्हा मी डोळे मिटून आईचा आवाज आठवू बघते. तो येत नाही. येतो तो धनेंद्रचा, हळू, जपून म्हणणारा, खोकल्याच्या जागी बरोबर थांबणारा.