कोपऱ्यातली वीतभर फट

मंजुळाबाईंचा फोन आला तेव्हा आम्रपाली चाकणहून कंपनीच्या बसमध्ये होती. खालच्या मजल्यावरच्या मंजुळाबाई एवढंच म्हणाल्या, की छतातून पुन्हा पाणी ठिबकतंय आणि आता त्या सोसायटीत लेखी तक्रार देणार आहेत.

भोसरीच्या त्या फ्लॅटमधलं बाथरूम नवं करून जेमतेम दोन महिने झाले होते. बेसिनखालच्या कोपऱ्यात, फरशी भिंतीला भिडते तिथलं सिलिकॉन सुटत होतं, फरशांच्या सांध्यांत भरलेलं शेजारचं ग्राउट तडकून निघत होतं. दत्तोबा मिस्त्रींनी दोनदा भरून दिलं होतं. ही तिसरी वेळ. नवरा म्हणत होता, मिस्त्रीच बदल. सोसायटीतली आणखी दोन कामं दत्तोबांच्या हातून जायच्या बेतात होती.

घरी येताच ती खांद्यावरची बॅगही न काढता बाथरूममध्ये शिरली. वैताग इतका होता की रडू येईल असं वाटत होतं. खाली बसून तिने मोबाइलच्या उजेडात फट पाहिली.

कंपनीत ती क्वालिटीला होती. दिवसभर रबरी सील तपासायची. आपोआप सुटलेल्या सीलची कड वेडीवाकडी असते. इथे कड सरळ होती. वीतभर लांब, दोन्ही टोकांना साफ थांबलेली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तिने दत्तोबांना बोलावलं.

"खरं सांगा, माल हलका वापरलात?"

"नाही ताई. कोणीतरी उकरतंय. मी दोनदा बोललो, तुम्ही ऐकलं नाही."

"आधी दोनदा भरायला आलात तेव्हा घरी कोण होतं?"

"दोन्ही वेळा तुमची पहिली शिफ्ट होती. दार बाबांनी उघडलं."

बाबा म्हणजे तिचे सासरे धोंडीबा, भोसरीच्याच एका वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. ते हॉलमध्ये पेपर वाचत होते. कोपरावर काळानिळा डाग होता. कपाट लागलं, असं त्यांनी सांगितलं होतं.

तिने फटीवर चिकटपट्टी लावली आणि बादलीभर पाणी ओतलं. पाणी निचऱ्याच्या जाळीकडे गेलंच नाही. ते कोपऱ्यात आलं आणि तिथेच तुंबलं. दत्तोबांनी मान खाली घातली.

ती हॉलमध्ये सासऱ्यांसमोर येऊन बसली.

"मामा, ती फट सुटलेली नाही, कापलेली आहे. कापणाऱ्याला नासधूस करायची नव्हती, पाणी घालवायचं होतं. म्हणून पाणी तुंबतं तेवढंच कापलं. तो माणूस दिवसभर घरी असतो आणि त्याच्या हाताला कटरची सवय आहे. कोपर कपाटाला नाही लागलं ना?"

धोंडीबांनी पेपराची घडी घातली.

"न्हाई. त्या पाण्यात घसरलो. खाली गळतंय हे कळल्यावर लाज वाटली. पण पडायची भीती जास्त होती."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू येईल त्याला हौसेनं फरशी दाखवत होतीस, पोरी. कसं सांगू?"

तिला राग आला, आणि तो नेमका कोणावर काढावा हे कळेना. दत्तोबा दारात उभे होते. उतार आपल्याच हातून उलटा पडला, फरशी उखडून पुन्हा बसवून देतो, असं ते स्वतःहून म्हणाले.

तासाभरात छिन्नीचे घाव सुरू झाले. चार दुकानं हिंडून निवडलेली करडी फरशी फुटत होती. आम्रपालीने थोडा वेळ ऐकलं, मग चप्पल घालून ती खाली निघाली. मंजुळाबाईंची माफी मागायची होती, आणि सासऱ्यांचं नाव घ्यायचं नव्हतं.