नाव नको

शनिवारी चार ते सहा फादर कपाटात बसत. कपाट हा ताईचा शब्द. पापांची कबुली ऐकायची ती लाकडी खोली. मध्ये जाळी, अलीकडे फादरांची खुर्ची, पलीकडे पडद्याआड गुडघे टेकायची फळी. पण ताईनं एकदा कपाट म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. "कपाटात निघालास का? स्वेटर घाल," असं ती सगळ्यांदेखत सांगायची. अख्खी वस्ती फादरांना अहो-जाहो करी. ताईनं मात्र आई गेल्यापासून त्यांचं नाक पुसलं होतं, तेव्हा तिला सगळं माफ होतं. तिची स्वतःची कबुली ती शेजारच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या फादरांकडे देई. ज्याला न्हाऊ घातलं त्याच्यापुढे गुडघे टेकायचे म्हणजे आपल्याला हसूच फुटेल, असं तिचं म्हणणं.

कबुली ऐकणं लोकांना वाटतं तितकं थरारक काम नव्हे. बहुतेक पापं शिळी असतात आणि दर आठवड्याला तीच परत येतात. फादरांची खरी डोकेदुखी वेगळीच होती. लोक आपलं सोडून दुसऱ्यांचीच पापं सांगत. दीर असा वागला, शेजारीण तसं बोलली. मग फादरांना मध्येच अडवावं लागे, "नाव नको. इथे फक्त आपलं सांगायचं." एका बैठकीत हे पाच-सहा वेळा तरी होई. वाक्य संपलं की ते खिशातली पत्र्याची डबी उघडून पेपरमिंटची गोळी तोंडात टाकत. झाकण टक्‌ वाजे आणि पलीकडचा माणूस वरमून रुळावर येई.

त्या शनिवारी पावणेसहा वाजले होते. रांग संपली म्हणून फादर उठणार, तेवढ्यात पलीकडची फळी करकरली. आवाज पुरुषाचा होता, पण इतका बसलेला की वय कळेना.

"फादर, मी एका बाईला पडू दिलं. हात पुढे करता आला असता. केला नाही. ती गेली."

वर चर्चच्या गॅलरीत ताई झाडत होती, तिच्या झाडूची खरखर ऐकू येत होती. फादरांनी हळूच विचारलं, कधी झालं हे?  पलीकडचा श्वास एकदम वाढला.

"ऐका, वेळ नाही. ती बाई म्हणजे तु..."

"नाव नको," फादर म्हणाले. "इथे फक्त आपलं सांगायचं." झाकण टक्‌ वाजलं. वर झाडूचा आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

फादर बाहेर आले तेव्हा फळीवर कोणी नव्हतं. पुढे दोन दिवस त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. वस्तीत कोणी मेलं तर पहिला निरोप त्यांनाच येई, आणि त्या महिन्यात एकही अंत्यविधी झाला नव्हता.

पुढच्या शनिवारी, पावणेसहालाच, तो पुन्हा आला. एखादं पाठ केलेलं म्हणावं तसं भराभर बोलला. "गॅलरीचा जिना. अकरावी पायरी. तिच्या हातात निळी बादली होती. तिनं वळून पाहिलं."

 गॅलरीच्या जिन्यावर ताईशिवाय कोणी चढत नसे. पण ताईची बादली लाल होती. हे आठवल्यावर फादरांना इतकं हायसं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. तरी ते जिन्यावर गेले आणि अकराव्या पायरीवर त्यांनी पाय आपटून पाहिला. पायरी पक्की होती.

गुरुवारी लाल बादली तडकली. ताईनं बाजारातून नवी आणली, निळी. तिच्याकडे बघत फादरांनी चहा तसाच गार होऊ दिला.

सांगून टाकायला काय हरकत होती, असं तुम्हाआम्हाला वाटेल. पण कबुलीत ऐकलेलं बोलायचं नसतं, एवढ्यावर ते संपत नाही. आपल्या वागण्यावरूनही कोणाला त्याचा वास लागता कामा नये. फादरांनी ही शपथ सव्विसाव्या वर्षी घेतली होती आणि आजवर डोळ्यांत तेल घालून पाळली होती. न राहवून ते म्हाताऱ्या फादरांकडे गेले आणि आडून आडून विचारलं, समजा एखाद्याचा जीव वाचणार असेल तर?

म्हाताऱ्यांनी हातातली काठी भिंतीला टेकवली. "तोंडाला कुलूप आहेच," ते म्हणाले. "हातपायही बांधलेले असतात आपले."

तिसऱ्या शनिवारी तो माणूस आधी नुसता रडला. मग म्हणाला, "तुम्ही काय बोलणार ते मला पाठ आहे. मी काय बोलणार तेही." तुम्ही कोण, असं फादरांनी विचारलं. फळी करकरली आणि पलीकडे सामसूम झाली.

मंगळवारी सकाळी दहा वाजता ताई बादली घेऊन जिन्याकडे निघाली. फादर मागोमाग गेले. का गेलात, असं कोणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

ती गुणगुणत चढत होती. फादर पायऱ्या मोजत होते. आठ. नऊ. त्यांची पावलं ऐकून तिनं अकराव्या पायरीवर वळून पाहिलं.

"काय रे, तोंड असं का झालंय तुझं?"

बादलीतलं पाणी हिंदकळून पायरीवर सांडलं. तिचा पाय सरकला. ती दोनच पायऱ्या वर होती, हात लांबवला की दंड हाती आला असता. हात पुढे करणं म्हणजे सांगणंच की काय, हा विचार त्यांच्या मनात आला. तो जेमतेम अर्धा क्षण टिकला असेल.

ताई त्यांच्या शेजारून घरंगळत खाली गेली.

शनिवारी म्हातारे फादर त्यांच्या जागी कबुली ऐकायला आले. पाच दिवस फादर कोणाशी बोलले नव्हते. रांग संपल्यावर ते पलीकडच्या बाजूनं आत शिरले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या फळीवर टेकले. फळी करकरली. जाळीच्या पलीकडे कोणीतरी हललं.

"फादर, मी एका बाईला पडू दिलं." आपला आवाज इतका बसलाय हे त्यांना बोलतानाच कळलं. "हात पुढे करता आला असता. केला नाही. ती गेली."

वर गॅलरीत कोणीतरी झाडत होतं.

त्यांनी पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. समोर, दाराशी, म्हातारे फादर काठी काखेत धरून कोटाची बटणं लावत होते.

"कधी झालं हे?" जाळीपलीकडून हळूच प्रश्न आला. खिशातल्या डबीवर बोटांनी ताल धरल्याचा बारीक आवाज येत होता. त्यांची डबी तर घरी टेबलावर होती.

झाडूची खरखर चालूच होती. ताई वर होती. अजून जिवंत होती. एक शब्द पुरे होता. फादरांनी ओरडायला तोंड उघडलं, पण घशातून तेवढाच बसका आवाज निघाला.

"ऐका, वेळ नाही. ती बाई म्हणजे तु..."

"नाव नको. इथे फक्त आपलं सांगायचं."

टक्‌.

पुढच्या दोन्ही शनिवारी आपण काय बोलणार, ते फादरांना पाठ होतं.

वर झाडूचा आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला.